मानवी स्नायुतंतूंमधील मायटोकॉन्ड्रियांचे श्वसन कसे मोजावे: बायोप्सीच्या सुईपासून शेवटच्या आकड्यापर्यंत

मांडीच्या स्नायूतून काढलेले दोन-तीन मिलिग्रॅम तंतू बंद चेंबरमध्ये ठेवायचे, त्यांना एकामागून एक ठरावीक इंधने द्यायची आणि भोवतालच्या द्रावणातील ऑक्सिजन किती वेगाने घटतो ते नोंदवायचे, एवढेच मायटोकॉन्ड्रियांचे, म्हणजे पेशीत ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवणाऱ्या सूक्ष्म घटकांचे, श्वसन मोजण्याचे तत्त्व आहे. यंत्र आपले काम चोख करते. तरीही एकाच व्यक्तीच्या एकाच नमुन्यातून दोन प्रयोगशाळांना वेगवेगळे आकडे मिळू शकतात, आणि माझ्या अनुभवात त्याचे कारण बहुतेक वेळा चेंबरमध्ये सापडत नाही. तंतू चेंबरमध्ये जाण्यापूर्वीच्या तास-दीड तासात ते कसे हाताळले, किती ताणले, किती कोरडे करून तोलले यावर निकालाचा मोठा भाग ठरलेला असतो. म्हणूनच या लेखात त्या तास-दीड तासाला अधिक जागा दिली आहे.

ही पद्धत का निवडावी

१९५५ साली ब्रिटन चान्स आणि विल्यम्स यांनी मायटोकॉन्ड्रियांच्या श्वसनाच्या अवस्था मांडल्या त्या पेशींपासून वेगळ्या केलेल्या मायटोकॉन्ड्रियांवर. त्यासाठी पुष्कळ ऊती लागते, वेगळे करताना काही मायटोकॉन्ड्रिया गळून जातात, आणि उरतात ते मूळच्या जाळ्यातून तुटलेले तुकडे असतात. १९६२ साली योनास बर्गस्ट्रॉम यांनी स्नायूच्या बायोप्सीसाठी पोकळ सुई वापरात आणली, तेव्हा माणसाच्या स्नायूचा छोटा नमुना घेणे सोपे झाले. पण वेगळे केलेले मायटोकॉन्ड्रिया मिळवण्यासाठी तो नमुना अनेकदा अपुराच पडतो. ही अडचण दूर झाली ती तंतू पारगम्य करण्याच्या पद्धतीमुळे. वेक्स्लर, साक्स आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली ती प्रसिद्ध केली. सॅपोनिन कोलेस्टेरॉलला चिकटते आणि पेशीच्या बाह्य पटलात कोलेस्टेरॉल भरपूर असते, त्यामुळे योग्य मात्रेत सॅपोनिन दिल्यास पेशीपटलाला छिद्रे पडतात. मायटोकॉन्ड्रियांच्या पटलांत कोलेस्टेरॉल फार कमी असल्याने ती मात्र शाबूत राहतात. तंतूतील मायटोकॉन्ड्रिया आपल्या जागी, आपल्या शेजाऱ्यांसह राहतात आणि बाहेरून दिलेली इंधने त्यांच्यापर्यंत थेट पोहोचतात.

या मोजणीची मर्यादाही आधीच लक्षात घ्यावी. येथे सर्व इंधने आणि एडीपी (ज्यापासून मायटोकॉन्ड्रिया पेशीचा ऊर्जावाहक रेणू एटीपी बनवतात) भरपूर प्रमाणात दिलेले असतात, म्हणून मिळतो तो आकडा क्षमतेचा असतो. माणूस चालत असताना त्याच्या स्नायूत प्रत्यक्ष किती ऑक्सिजन वापरला जात होता, हे या पद्धतीने कळत नाही.

पूर्वतयारी: दोन द्रावणे

नमुना येण्याच्या आधी दोन द्रावणे तयार हवीत. पहिले आहे तंतू जपून ठेवण्याचे, ज्याला प्रयोगशाळेत सगळे बायॉप्स म्हणतात. त्यात कॅल्शियम-ईजीटीए २.७७ आणि पोटॅशियम-ईजीटीए ७.२३ मिलिमोलर असते. ईजीटीए कॅल्शियम बांधून ठेवते; या जोडीमुळे मुक्त कॅल्शियम सुमारे ०.१ मायक्रोमोलर इतके कमी राहते, म्हणजे विश्रांतीतील स्नायूपेशीत असते तितके. शिवाय एटीपी ५.७७, मॅग्नेशियम क्लोराइड ६.५६, फॉस्फोक्रिएटिन १५, टॉरिन २०, इमिडॅझोल २०, डायथायोथ्रीटॉल ०.५ आणि एमईएस ५० मिलिमोलर असतात, आणि पीएच ० अंश सेल्सिअसला ७.१ ठेवला जातो. एटीपी आणि फॉस्फोक्रिएटिन नसतील तर तंतू आखडतात, कॅल्शियम वाढले तर आकुंचन पावतात, आणि एकदा आखडलेला तंतू पुढे कितीही काळजी घेतली तरी विश्वासार्ह राहत नाही. हे द्रावण छोट्या भागांत गोठवून ठेवता येते, पण वितळवल्यावर बर्फावरच ठेवावे आणि उरलेले पुन्हा गोठवू नये.

दुसरे द्रावण श्वसन मोजण्याचे, मिर-०५. त्यात ईजीटीए ०.५, मॅग्नेशियम क्लोराइड ३, लॅक्टोबायोनिक आम्ल ६०, टॉरिन २०, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट १०, हेपेस २० आणि सुक्रोज ११० मिलिमोलर असते, पीएच ७.१ असतो, आणि प्रतिलिटर १ ग्रॅम मेदाम्लरहित बोवाइन अल्ब्युमिन घातलेले असते. अल्ब्युमिन मोकळी मेदाम्ले पकडून ठेवते, म्हणून ‘मेदाम्लरहित’ हा शब्द बाटलीवर आहे की नाही हे प्रत्येक नव्या बाटलीच्या वेळी पाहावे. साधे अल्ब्युमिन स्वतःबरोबरच मेदाम्ले आणते आणि ती आतील पटलातून प्रोटॉनांची गळती वाढवतात.

इंधनांची साठा-द्रावणे पीएच ७ च्या आसपास उदासीन करून ठेवावीत. पायरुव्हेट मात्र त्याच दिवशी ताजे करावे, कारण द्रावणात ते टिकत नाही. एडीपी मॅग्नेशियमला बांधून घेते, म्हणून ५०० मिलिमोलर एडीपीच्या साठ्यात ३०० मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड मिसळावे. तसे न केल्यास एडीपी देताच चेंबरमधील मुक्त मॅग्नेशियम घटते आणि श्वसनावर त्याचा परिणाम होतो. हे सुधारायला सोपे आहे, पण विसरायलाही तितकेच सोपे.

यंत्राची कॅलिब्रेशन

बायोप्सीच्या दिवशी सकाळी सर्वांत आधी यंत्र चालू करून ३७ अंशांवर स्थिर होऊ द्यावे. पुढील वर्णन २ मिलिलिटरची दोन चेंबरे आणि क्लार्क पद्धतीचे इलेक्ट्रोड असलेल्या उच्च-विभेदन रेस्पिरोमीटरला, म्हणजे ऑक्सिजनचा वापर मोजणाऱ्या यंत्राला, धरून आहे. १९५६ साली लेलँड क्लार्क यांनी वर्णन केलेल्या या इलेक्ट्रोडमध्ये ऑक्सिजन प्लॅटिनमच्या कॅथोडवर क्षपित होतो, आणि त्यातून वाहणारा विद्युत्प्रवाह ऑक्सिजनच्या दाबाच्या प्रमाणात असतो.

चेंबरमध्ये मिर-०५ भरून, वर हवेचा बुडबुडा ठेवून, ढवळणी चालू ठेवून संकेत स्थिर होईपर्यंत थांबावे. हवेत ऑक्सिजन २०.९५ टक्के असतो, पण पाण्यात किती विरघळेल हे त्या दिवसाचा वायुदाब आणि तापमान यांवर अवलंबून असते. म्हणून दाब त्याच दिवशी मोजलेला हवा, गेल्या आठवड्याच्या नोंदीतला घेऊ नये. मिर-०५ मध्ये क्षार व साखर असल्याने त्यात शुद्ध पाण्यापेक्षा कमी ऑक्सिजन मावतो, त्यासाठी ०.९२ हा गुणक वापरतात. ३७ अंशांना आणि १०० किलोपास्कल दाबाला शुद्ध पाण्यात सुमारे २०७ मायक्रोमोलर ऑक्सिजन असतो, तर या द्रावणात सुमारे १९० मायक्रोमोलर. शून्याची कॅलिब्रेशन सोडियम डायथायोनाइटने सर्व ऑक्सिजन संपवून करावी. ती रोज करण्याची गरज नसते, पण इलेक्ट्रोडचे पटल बदलल्यावर टाळू नये.

याबरोबर पार्श्वभूमीचा प्रवाहही, म्हणजे नमुना नसतानाही दिसणारा ऑक्सिजनचा बदल, मोजावा लागतो. इलेक्ट्रोड स्वतः थोडा ऑक्सिजन वापरतो. शिवाय आत ऑक्सिजन हवेपेक्षा जास्त असेल तर तो बाहेर झिरपतो आणि कमी असेल तर आत येतो. नमुन्याशिवाय वेगवेगळ्या ऑक्सिजन पातळ्यांवर हा प्रवाह मोजून त्याची रेषा काढावी आणि प्रत्येक आकड्यातून तो वजा करावा. आपण पुढे अतिऑक्सिजनच्या पट्ट्यात मोजणार आहोत, म्हणून त्या पट्ट्यातली रेषा स्वतंत्रपणे काढलेली असावी. मोठ्या प्रवाहात ही चूक लपते, पण एडीपी देण्याआधीच्या, गळतीच्या अवस्थेतील छोट्या आकड्यात ती उघडी पडते.

नमुना घेणे आणि ताबडतोब वाटणे

सहभागी व्यक्तीची माहितीपूर्ण लेखी संमती आणि नैतिकता समितीची मान्यता यांशिवाय पुढचे काहीही करू नये. आदल्या दिवसाचा आहार, उपाशीपोटीचा काळ आणि शेवटचा कठोर व्यायाम केव्हा झाला हे सर्व सहभागींसाठी सारखे ठेवावे, कारण एका व्यायामाचाही परिणाम स्नायूत काही काळ टिकतो. बायोप्सी प्रशिक्षित डॉक्टरांनीच घ्यायची असते. रक्त पातळ करणारी औषधे चालू आहेत का आणि भूल देण्याच्या औषधाची ॲलर्जी आहे का, हे ते आधी विचारतात. मांडीच्या बाहेरच्या बाजूचा व्हास्टस लॅटरॅलिस हा नेहमीचा स्नायू आहे. लिडोकेनची भूल त्वचेत आणि स्नायूवरील आवरणात दिली जाते. ती स्नायूतच उतरू नये, कारण ते औषध मग नमुन्यात येऊ शकते. छोट्या चिरेतून सुई आत जाते, आणि सुईतून हवा ओढून घेतल्यास (सक्शन) नमुना मोठा मिळतो.

सुई बाहेर आली की घड्याळ सुरू झाले असे समजावे. ऊतीवरील रक्त पटकन टिपावे, श्वसनासाठीचा भाग बर्फावरील बायॉप्समध्ये बुडवावा आणि उरलेला भाग सायट्रेट सिंथेज (मायटोकॉन्ड्रियांचे प्रमाण दाखवणारे विकर) यासारख्या मोजण्यांसाठी द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवावा. श्वसनासाठीचा भाग कधीही गोठवू नये. गोठताना तयार होणारे बर्फाचे स्फटिक पटले फाडतात, सायटोक्रोम सी हे इलेक्ट्रॉन वाहून नेणारे प्रथिन निसटते, आणि इंधनाचे ज्वलन व एटीपीची निर्मिती यांचा दुवा तुटतो. बायॉप्समध्ये तंतू काही तास चांगले राहतात, तरी मी बायोप्सीची वेळ अशी ठरवते की नमुना आल्यावर तासाभरात सूक्ष्मदर्शकाखाली असेल. आदल्या दिवशी वेळापत्रक बारकाईने आखणे हा या प्रयोगाचाच भाग आहे.

तंतू सुटे करणे

बर्फावर ठेवलेल्या पेट्री डिशमध्ये बायॉप्सचे काही थेंब घेऊन त्यात ऊती ठेवावी आणि स्टीरिओ सूक्ष्मदर्शकाखाली आधी चरबी आणि संयोजी ऊती वेगळी काढावी. चरबी पांढरट-पिवळट आणि चमकदार दिसते, संयोजी ऊती पातळ पारदर्शक पडद्यासारखी. ती राहिली तर वजनात भर पडते पण श्वसनात नाही, आणि आकडा विनाकारण खाली येतो. ज्यांच्या स्नायूत चरबी जास्त असते अशा व्यक्तींत हा दोष सर्वांत मोठा असतो. लठ्ठपणा आणि मायटोकॉन्ड्रिया यांचा संबंध तपासणाऱ्या अभ्यासात हाच दोष खरा परिणाम असल्यासारखा भासू शकतो, हे मनात ठेवूनच हात चालवावा.

आता दोन अतिशय टोकदार चिमटे घ्यावेत. ऊतीचा छोटा गठ्ठा एका चिमट्याने एका टोकाशी धरावा आणि दुसऱ्या चिमट्याने तंतू लांबीच्या दिशेने हळूहळू उलगडावेत. ते आडवे ओढू नयेत आणि कापूही नयेत. गठ्ठा जाळ्यासारखा सैल होतो, तंतूंमध्ये फट दिसू लागते, आणि मायोग्लोबिन हे स्नायूतील लाल प्रथिन बाहेर पडू लागल्याने लालसर रंग फिकट होत जातो. हा रंगबदल हाच सर्वांत भरवशाचा संकेत आहे. प्रत्येक गठ्ठ्याला साधारण पाच ते दहा मिनिटे लागतात. प्रत्येक तंतू स्वतंत्र करण्याचा हट्ट धरू नये; फार उलगडलेल्या तंतूंची पटले जखमी होतात, तर न उलगडलेल्या गठ्ठ्याच्या मध्यापर्यंत ऑक्सिजन आणि एडीपी पोहोचत नाहीत. या दोन चुकांमधली योग्य जागा कोणत्याही लेखात वाचून सापडत नाही. सायटोक्रोम सीच्या चाचणीचा (ती पुढे येते) निकाल आणि हाताने केलेले काम यांची सलग काही आठवडे तुलना केल्यावरच ती हाताला कळते. नव्या सहकाऱ्याने सुरुवातीचे नमुने फक्त सरावासाठी वापरावेत. त्यात वेळ जातो, पण नंतरचे महिने वाचतात.

सॅपोनिन आणि धुणे

सुटे केलेले तंतू २ मिलिलिटर बायॉप्समध्ये ठेवून त्यात प्रतिमिलिलिटर ५ मिलिग्रॅमच्या सॅपोनिन-साठ्यातील २० मायक्रोलिटर घालावेत. म्हणजे अंतिम मात्रा प्रतिमिलिलिटर ५० मायक्रोग्रॅम होते. बर्फावर किंवा ४ अंशांना ते २० ते ३० मिनिटे मंदपणे हलवत ठेवावेत. सॅपोनिन हा वनस्पतीतून काढलेला मिश्र पदार्थ असल्याने प्रत्येक नव्या बाटलीची ताकद वेगळी असू शकते. नवी बाटली उघडल्यावर एका नमुन्यावर दोन-तीन मात्रा वापरून पाहाव्यात. सॅपोनिन कमी पडले तर एडीपीला प्रतिसाद मंद राहतो, आणि जास्त झाले तर मायटोकॉन्ड्रियांचे बाह्य पटलही फाटते.

नंतर तंतू थंड मिर-०५ मध्ये १० मिनिटे हलवत धुवावेत. सॅपोनिन आणि पेशीतील उरलेले एटीपी, एडीपी व इंधने निघून जाणे हा या धुण्याचा उद्देश आहे. धुणे घाईने उरकले तर उरलेले एडीपी गळतीच्या मोजणीत मिसळते आणि ती खोटी जास्त दिसते.

वजन: जिथे सर्वाधिक चूक होते

तंतू चिमट्याने उचलून फिल्टर कागदावर ठेवावेत, काही सेकंद टिपून कागदाच्या कोरड्या भागावर सरकवून पुन्हा टिपावेत आणि लगेच सूक्ष्म तराजूवर तोलावेत. प्रत्येक चेंबरसाठी साधारण २ ते ३ मिलिग्रॅम ओले वजन लागते. २ मिलिग्रॅमच्या नमुन्यात ०.२ मिलिग्रॅम पाणी जास्त राहिले तर निकाल सरळ दहा टक्क्यांनी चुकतो, आणि मोजणीच्या इतर बहुतेक टप्प्यांत एवढी चूक होत नाही. म्हणून टिपण्याची पद्धत, कागद, वेळ आणि शक्यतो माणूसही संपूर्ण अभ्यासात एकच ठेवावा. तंतू कागदाला चिकटू लागेपर्यंत कोरडे करू नयेत. तोलल्यावर ते थंड मिर-०५ च्या थेंबात ठेवून लगेच चेंबरकडे न्यावेत. एकाच नमुन्यातले दोन वेगवेगळे गठ्ठे दोन चेंबरमध्ये घालावेत आणि त्यांची सरासरी घ्यावी. दोन आकड्यांत मोठा फरक पडला तर वजनाची नोंद आणि सायटोक्रोम सीचा प्रतिसाद प्रथम तपासावा.

ऑक्सिजन आणि आकुंचन

वेगळे केलेले मायटोकॉन्ड्रिया फार कमी ऑक्सिजनवरही पूर्ण वेगाने श्वसन करतात, पण तंतूंच्या गठ्ठ्यात ऑक्सिजनला आतपर्यंत झिरपत जावे लागते. ३७ अंशांना मागणी इतकी असते की साध्या हवेच्या पातळीवरही आतल्या भागाला तो कमी पडू शकतो. म्हणून झाकण थोडे उचलून चेंबरच्या वरच्या जागेत शुद्ध ऑक्सिजन सोडावा, पातळी ४०० मायक्रोमोलरपर्यंत न्यावी, झाकण बंद करावे, आणि प्रयोगभर ती २५० च्या खाली जाऊ देऊ नये. अडीच मिलिग्रॅम तंतू प्रतिमिलिग्रॅम ६० पिकोमोल प्रतिसेकंद या वेगाने ऑक्सिजन वापरत असतील तर २ मिलिलिटरच्या चेंबरमध्ये पातळी दर मिनिटाला सुमारे ४.५ मायक्रोमोलरने घसरते. ४०० वरून २५० वर यायला अर्धा तास पुरतो. पुन्हा ऑक्सिजन देण्याची वेळ आधीच हेरून ठेवावी, आणि तो रसायने देण्याच्या मधल्या स्थिर टप्प्यात द्यावा. अतिऑक्सिजनमुळे ऑक्सिडेटिव्ह ताण वाढतो, ही त्याची किंमत आहे. पण ३७ अंशांवर मोजायचे असेल तर झिरपण्याचा अडथळा राहू देणे अधिक घातक ठरते. काही प्रयोगशाळा २२ ते २५ अंशांवर मोजतात आणि त्यांना कमी ऑक्सिजन पुरतो. त्यांचे आकडे आपल्या आकड्यांशेजारी सरळ ठेवू नयेत.

एडीपी मिळाले की तंतूंमध्ये एटीपी बनते आणि ते आखडू शकतात. हे टाळण्यासाठी मायोसिन या आकुंचन घडवणाऱ्या प्रथिनाला रोखणारे ब्लेबिस्टॅटिन २५ मायक्रोमोलर मात्रेत चेंबरमध्ये आधीच घालतात. ते निळ्या प्रकाशात खराब होते, त्यामुळे साठा आणि चेंबर दोन्ही प्रकाशापासून झाकावेत. हे औषध वापरायचे की नाही याचा निर्णय अभ्यासाच्या आरंभी घ्यावा आणि मध्येच बदलू नये, कारण आखडलेल्या आणि सैल तंतूंमध्ये एडीपीबद्दलची संवेदनशीलता वेगळी दिसते.

इंधनांचा क्रम

पुढील मात्रा २ मिलिलिटरच्या चेंबरसाठी आहेत. प्रत्येक वेळी रसायन दिल्यावर प्रवाहाची रेषा सपाट होईपर्यंत थांबावे आणि त्या सपाट भागातलाच आकडा घ्यावा. मानवी तंतूंमध्ये एडीपी आत पोहोचायला वेळ लागतो, त्यामुळे या टप्प्यावर घाई करणाऱ्याला नेहमी कमी आकडा मिळतो.

सुरुवातीला ०.८ मोलर मॅलेटचे ५ मायक्रोलिटर, २ मोलर पायरुव्हेटचे ५ आणि २ मोलर ग्लुटामेटचे १० मायक्रोलिटर द्यावेत; अंतिम मात्रा अनुक्रमे २, ५ आणि १० मिलिमोलर होतात. या इंधनांतून एनएडीएच हा इलेक्ट्रॉन वाहून नेणारा रेणू तयार होतो आणि इलेक्ट्रॉन पहिल्या कॉम्प्लेक्समधून (आतील पटलातील प्रथिनसमूहातून) श्वसनसाखळीत शिरतात. एडीपी अजून दिलेले नसल्याने जे श्वसन दिसते ते प्रोटॉनांची गळती भरून काढण्यापुरते असते. त्याला लीक म्हणतात.

मग ५०० मिलिमोलर एडीपीचे २० मायक्रोलिटर द्यावेत, म्हणजे ५ मिलिमोलर. श्वसन झपाट्याने चढते. ही पहिल्या कॉम्प्लेक्समार्गे एटीपी बनवण्याची क्षमता.

यानंतर लगेच ४ मिलिमोलर सायटोक्रोम सीचे ५ मायक्रोलिटर द्यावेत, म्हणजे १० मायक्रोमोलर. हा संपूर्ण प्रयोगाचा न्यायाधीश आहे. मायटोकॉन्ड्रियांचे बाह्य पटल शाबूत असेल तर बाहेरचे सायटोक्रोम सी आत जाऊ शकत नाही आणि श्वसन जवळपास तेवढेच राहते. ते १० ते १५ टक्क्यांहून अधिक वाढले तर तंतू तयार करताना पटल फाटले आहे, आतले सायटोक्रोम सी हरवले आहे, आणि हा नमुना निकालातून वगळणे योग्य. वगळण्याची मर्यादा अभ्यास सुरू होण्याआधी लेखी ठरवावी; आकडा पाहून नंतर ठरवलेली मर्यादा स्वतःला फसवते. सायटोक्रोम सी लीकच्या टप्प्यात देऊ नये, कारण तेथे प्रवाह इतका कमी असतो की फाटलेले पटलही लक्षात येत नाही.

पुढे १ मोलर सक्सिनेटचे २० मायक्रोलिटर द्यावेत, म्हणजे १० मिलिमोलर. आता दुसऱ्या कॉम्प्लेक्समधूनही इलेक्ट्रॉन येतात आणि दोन्ही मार्ग क्यू-संगमापाशी, म्हणजे साखळीतील कोएन्झाइम क्यूपाशी, एकत्र मिळतात. शरीरात क्रेब्स चक्र दोन्ही मार्ग एकाच वेळी चालवते, त्यामुळे हा एकत्रित आकडा सजीव स्नायूच्या सर्वांत जवळचा असतो. जो अभ्यास फक्त एकाच मार्गाचे आकडे देतो त्यात स्नायूची क्षमता कमी दिसते. ३७ अंशांना निरोगी पण खास व्यायाम न करणाऱ्या व्यक्तींत हा आकडा साधारण ५० ते ८० पिकोमोल प्रतिसेकंद प्रतिमिलिग्रॅम येतो आणि सहनशक्तीच्या खेळाडूंत तो १०० च्या वर जाऊ शकतो.

त्यानंतर १ मिलिमोलर एफसीसीपी दर वेळी १ मायक्रोलिटर, म्हणजे ०.५ मायक्रोमोलर, असे द्यावे आणि श्वसन वाढायचे थांबेपर्यंत पायऱ्यापायऱ्यांनी पुढे जावे. एफसीसीपी प्रोटॉनांना आतील पटलातून सरळ परत जाऊ देते; त्यामुळे एटीपी सिंथेजचा लगाम सुटतो आणि इलेक्ट्रॉन वाहून नेण्याची कमाल क्षमता दिसते. शिखर ओलांडून आणखी दिले तर श्वसन उतरू लागते, म्हणून आकडा शिखराचा घ्यावा. एकच मोठी मात्रा देण्याचा मोह टाळावा. प्रत्येक नमुन्याचे शिखर वेगळ्या मात्रेवर असते.

मग रोटेनोन ०.५ मायक्रोमोलर. पहिले कॉम्प्लेक्स बंद होते आणि एकट्या सक्सिनेटमार्गाची क्षमता उरते. शेवटी अँटिमायसिन ए २.५ मायक्रोमोलर, तिसरे कॉम्प्लेक्स बंद झाल्यावर जो थोडा ऑक्सिजन-वापर उरतो तो श्वसनसाखळीबाहेरचा असतो, आणि तो मागच्या प्रत्येक आकड्यातून वजा करावा लागतो.

चौथ्या कॉम्प्लेक्सची मोजणी हवी असेल तर अँटिमायसिननंतर आधी २ मिलिमोलर अस्कॉर्बेट आणि मग सायटोक्रोम सीला इलेक्ट्रॉन पुरवणारे टीएमपीडी ०.५ मिलिमोलर द्यावे. क्रम उलटा केल्यास टीएमपीडी आपोआप ऑक्सिडीकृत होऊ लागते. प्रवाह शिखरावर पोहोचल्यावर १०० मिलिमोलर सोडियम अझाइड देऊन, उरलेले रासायनिक ऑक्सिडीकरण वजा करावे. अझाइडबाबत मी नव्या विद्यार्थ्यांना नेहमी थांबवून सांगते: ते आम्लात मिसळल्यास विषारी वायू तयार होतो आणि तांब्याच्या किंवा शिशाच्या नळांत साचल्यास स्फोटक क्षार बनतात. चेंबरमधले द्रावण बेसिनमध्ये ओतू नये. ते स्वतंत्र बाटलीत जमा करून नियमानुसार विल्हेवाटीस द्यावे.

चेंबर धुणे

रोटेनोन, अँटिमायसिन आणि एफसीसीपी पाण्यात जवळपास विरघळत नाहीत; ती प्लॅस्टिकला आणि रबराच्या कड्यांना चिकटून राहतात. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत, पाण्याने भराभर धुतलेल्या चेंबरमध्ये दुसऱ्या दिवशी घातलेल्या तंतूंनी एडीपी दिल्यावर जेमतेम प्रतिसाद दिला, आणि एका स्वेच्छेने आलेल्या व्यक्तीचा नमुना माझ्या घाईमुळे वाया गेला. ती व्यक्ती चिरेची वेदना सहन करून आली होती. तेव्हापासून मी चेंबर पाण्याने धुऊन, ७० टक्के इथेनॉल भरून, ढवळणी चालू ठेवून बराच वेळ ठेवते, ते बदलून पुन्हा ठेवते आणि शेवटी शुद्ध पाण्याने पुन्हापुन्हा धुते. झाकण आणि इंजेक्शनच्या सुयाही त्याच काळजीने धुवाव्यात. रोधकांसाठी स्वतंत्र सिरिंज ठेवावी आणि तिच्यावर ठळक चिठ्ठी लावावी. इंधनाच्या सिरिंजमध्ये एकदा अँटिमायसिन शिरले की ती सिरिंज कायमची बाद समजावी.

आकडे मांडताना

प्रत्येक सपाट भागातून पार्श्वभूमी वजा करावी, वजनाने भागावे, मग अँटिमायसिननंतरचा उरलेला वापर वजा करावा, आणि निकाल पिकोमोल प्रतिसेकंद प्रतिमिलिग्रॅम या एककात द्यावा. यात एक प्रश्न लपलेला आहे. व्यायाम करणाऱ्याच्या स्नायूत मायटोकॉन्ड्रियांची संख्याच जास्त असते, त्यामुळे त्याचा प्रतिमिलिग्रॅम आकडा मोठा आला तरी एकेक मायटोकॉन्ड्रियन अधिक कार्यक्षम आहे असे त्यातून सिद्ध होत नाही. म्हणून गोठवलेल्या भागात, किंवा प्रयोगानंतर चेंबरमधून परत काढलेल्या त्याच तंतूंत, सायट्रेट सिंथेजची क्रिया मोजून तिनेही भागावे. मायटोकॉन्ड्रियांच्या प्रमाणाचे इतर निर्देशक म्हणजे कार्डिओलिपिन (मायटोकॉन्ड्रियांच्या आतील पटलातला मेद) आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मोजलेले मायटोकॉन्ड्रियांचे क्षेत्रफळ. तरुण निरोगी व्यक्तींत सायट्रेट सिंथेज आणि कार्डिओलिपिन दोन्ही त्या क्षेत्रफळाशी चांगले जुळतात. ओल्या वजनाने भागलेला आणि सायट्रेट सिंथेजने भागलेला, असे दोन्ही आकडे छापावेत. वाचकाला दोन वेगळे प्रश्न पडलेले असतात आणि प्रत्येक आकडा त्यातल्या एकाचेच उत्तर देतो.

याखेरीज वजनावर अवलंबून नसलेली गुणोत्तरेही काढावीत. लीकला एडीपीनंतरच्या श्वसनाने भागले की इंधनाचे ज्वलन आणि एटीपीची निर्मिती एकमेकांशी किती घट्ट जोडलेली आहेत ते दिसते. प्रत्येक अवस्थेला एफसीसीपीच्या शिखराने भागले की साखळीतला कोणता दुवा मागे पडतो आहे याचा अंदाज येतो. वजनात झालेली चूक अंशात आणि छेदात सारखीच असल्याने ती या गुणोत्तरांत नाहीशी होते. म्हणून दोन चेंबरांतल्या गुणोत्तरांत मेळ असूनही प्रतिमिलिग्रॅम आकडे जुळत नसतील, तर दोष तराजूपाशी आहे असे जवळजवळ निश्चितपणे म्हणता येते.

लेखात तापमान, ऑक्सिजनचा पट्टा, ब्लेबिस्टॅटिन वापरले की नाही, सॅपोनिनची मात्रा व वेळ, तंतू बायॉप्समध्ये किती वेळ होते, सायटोक्रोम सीच्या वाढीची मर्यादा आणि त्या मर्यादेमुळे किती नमुने वगळले, हे सर्व लिहावे. वगळलेल्या नमुन्यांची संख्या लिहिण्यास संकोच वाटतो हे मी समजू शकते. पण आपला आकडा पुन्हा मोजू पाहणाऱ्या व्यक्तीला तीच संख्या सर्वांत आधी हवी असते.